कोळशाचे चित्र आणि शाईची नोंद

आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून रेखाचित्रे काढली, हे आता निष्ठुरपणाचे वाटते, असे आपण लिहिले आहे. मला तसे मुळीच वाटत नाही. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याची आई बार्बारा १५१३ मध्ये एके दिवशी सकाळी एवढी अत्यवस्थ झाली, की घरच्यांना दार फोडून तिच्या खोलीत जावे लागले. त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ ती आजारी होती. मार्च १५१४ मध्ये ड्यूररने कोळशाने तिचे चित्र काढले. कपाळावरच्या आठ्या, बसलेली गालफडे, गळ्याच्या ताणलेल्या शिरा, यांतले काहीही त्याने सौम्य केलेले नाही. तिचे वय ६३ असल्याची नोंद त्याने कागदावर केली आणि मे महिन्यात ती गेल्यावर त्याच कागदावर मृत्यूचा दिवस व वेळ शाईने लिहिली. ही नोंद मला चित्राइतकीच मोलाची वाटते, कारण ती लिहिण्यासाठी त्याला तो चेहरा पुन्हा समोर घ्यावा लागला असणार.

माझ्या वडिलांच्या अखेरच्या आठवड्यात मी केवळ त्यांचा उजवा हात काढत असे: सलाईनच्या सुईने काळानिळा पडलेला, चिकटपट्टीच्या कडेला कातडी चुरगळलेली. चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य माझ्यात नव्हते; हाताकडे मात्र तासन्‌तास पाहता आले, आणि तेवढा वेळ मी त्यांच्याजवळून हललो नाही.

आपली वही कृपया जपून ठेवा, आणि चित्रांवर तारखा नसतील तर आठवत आहेत तोवर घालून ठेवा.