गेलेले नंबर परत आले का कुणाचे?

वडगावचा मागवाला
काल पुतण्याच्या साखरपुड्याची आमंत्रणं पाठवायला बसलो आणि थोरलीच्या लग्नाची आठवण झाली. 2022 सालची गोष्ट. लग्न पंधरा दिवसांवर, आणि मी फोनमधले सगळे नंबर उडवले. एकेक नाव दोनदोनदा दिसत होतं, म्हटलं जास्तीचं काढून टाकू. 'सिलेक्ट ऑल' दाबलं, डिलीट. 600च्या वर नावं. व्याही, भटजी, मंडपवाला, सुताचा व्यापारी, सगळे गायब.

घरात सांगायचं धाडस होईना. मागाजवळ जाऊन बसलो नुसता, बटण काही दाबलं नाही. बेळगावात एका दुकानात म्हणाले, सॉफ्टवेअर मारावं लागतंय, 800 रुपये, फोन ठेवून जावा. दुसऱ्यानं तर हातातसुद्धा घेतला नाही. "होत्री, एल्ला होत्री." (कन्नडमध्ये, गेलं हो, सगळं गेलं.)

शेवटी शेजारच्या बीसीएवाल्या पोरीनं बघितलं. कॉन्टॅक्ट्समध्येच कचऱ्याची बादली असते म्हणे (आता 'ऑर्गनाइझ'मध्ये 'ट्रॅश' आहे बघा). गूगल अकाउंटवर सेव्ह असलेले नंबर तिथं 30 दिवस राहतात. दोन मिनिटांत सगळे परत. जोड्यासुद्धा परत!

यादी बघून तीच हसायला लागली. 'गवंडी खरा', 'दूध उचगाव', 'उचलू नको', 'अनगोळ नवा'. हा अनगोळ नवा कोण, मला आजवर माहीत नाही. घाईत त्यालाही पत्रिका गेली. लग्नाला आला, जेवला, शंभराचं पाकीट देऊन गेला. विचारायचं कसं?

तुमचं काय झालं होतं, सांगा.

निपाणी नाका
माझे सगळे सिमवर होते. 4जी सिम घेतलं तेव्हा जुनं फेकून द्यायला निघालो होतो, आईनं देवघरातल्या डबीत टाकलं. तिला वाटलं महाग वस्तू असंल. दीड वर्षानं दुसऱ्या फोनात घालून बघितलं. सिम बंद पडलेलं, रेंज नाही, पण नंबर जिथल्या तिथं. 'इम्पोर्ट' केले. ट्रॅशमध्ये मात्र सिमवरचं काही सापडत नाही, तिथं शोधून दमू नका.

तिसरं रेल्वे गेट
"शंभराचं पाकीट" 😂😂

खानापूरची सून
मी तर गेलेच समजून रडत बसलो होतो. (बाई आहे हो, आमच्यात असंच बोलतात.) नणंदेचा नंबर शोधतोय शोधतोय, सापडंना. नंतर कळलं, मिस्टरांनी कन्नडमध्ये सेव्ह केलेला. आमच्या फोनात दूधवाला मराठीत, शाळेच्या मॅडम इंग्रजीत आणि लाईनमन कन्नडमध्ये. एका लिपीत शोधलं की दुसऱ्यातलं सापडेलच असं नाही. डिलीट झालं म्हणण्याआधी एकदा पूर्ण यादी खाली सरकवत बघा.
कुकर झाला, येतो.

संकेश्वरी मिरची
जोड्या का होतात सांगू? पूर्वी इकडून कोल्हापूरचा मोबाईल लावायचा तर पुढं शून्य लावायला लागायचं. मग तोच माणूस एकदा शून्यासकट, एकदा +91 सकट. त्या काढायच्या नसतात मालक, 'मर्ज' करायच्या असतात.

निपाणी नाका
शून्यावरून आठवलं. कर्नाटक सोडून कागल आलं की रोमिंग! इनकमिंगलाही पैसे. आम्ही मिस कॉल देऊन पुढं जायचो. 2015 च्या जूनमध्ये बीएसएनएलनं रोमिंगमधलं इनकमिंग फुकट केलं, तोवर माझ्या खिशात दोन फोन, एक इकडचा एक तिकडचा.

संकेश्वरी मिरची
दोन फोन म्हणजे तंबाखूचा व्यापारीच की तुम्ही.

निपाणी नाका
व्यापारी कसला गा, हमाल.

पुण्यातला शहापूरकर
आयफोनवाल्यांसाठी: ब्राउझरमधून आयक्लाउडच्या साईटवर जा, 'डेटा रिकव्हरी', तिथं 'रिस्टोअर कॉन्टॅक्ट्स'. जुन्या तारखेची यादी मिळते. पण सावध, ती आताच्या यादीच्या जागी बसते. गूगलच्या 'अनडू चेंजेस'चंही तसंच, सगळं त्या दिवशी होतं तसं करतं. मी आठवडा मागं गेलो आणि त्या आठवड्यात घेतलेला घरमालकाचा नंबर घालवला. भाडं दोन दिवस उशिरा गेलं, ते मात्र त्यांच्या लक्षात राहिलं. आधी एक्स्पोर्ट करून ठेवा.

कॅम्पातली टीचर
मला कुणी काही सांगितलं नव्हतं, मी व्हॉट्सॲप उघडलं. नाव गेलं तरी चॅट असतं, वर नुसता नंबर दिसतो. जुने मेसेज वाचून ओळखत गेले. "मॅडम आज पोट दुखतंय" म्हणजे पाचवी ब. 40 पालक असे जमवले. तीन जण अजून 'पोट दुखणारा 1, 2, 3' नावानंच आहेत.

आणि ते 'रिकव्हरी' ॲप टाकू नका कुणी. माझ्या भावानं टाकलं, त्यानं आधी कॉन्टॅक्ट्सचीच परवानगी मागितली. चोराला किल्ली देऊन कुलूप शोधायला सांगायचं!

खानापूरची सून
परत आलो. मागवाले, लग्नात मांडे होते काय? माझ्याकडे मांडे करणाऱ्या मावशींचा नंबर होता, तोही गेला. वडगावात कुणाकडे असला तर व्यनि (खाजगी मेसेज) करा, दिवाळीनंतर डोहाळजेवण आहे.

वडगावचा मागवाला
आहे, 'मांडे खरे' नावानं. व्यनि केलाय. मातीच्या पालथ्या खापरावर भाजतात, आठ दिवस आधी सांगावं लागतं.

खानापूरची सून
आणि 'मांडे खोटे' कोण? 🤔

वडगावचा मागवाला
ते इथं नको.

तिसरं रेल्वे गेट
एक शंका. 2022 मध्ये मी वडगावात एका लग्नाला जेवलोय. पत्रिका आलेली, नाव ओळखीचं वाटेना, पण सुट्टी होती. अनगोळला तेव्हा नुकतंच भाड्यानं राहायला गेलो होतो.

वडगावचा मागवाला
जेवणात काय होतं?

तिसरं रेल्वे गेट
जिलेबी.

वडगावचा मागवाला
आमच्यात बासुंदी होती.

तिसरं रेल्वे गेट
मग ते दुसरं लग्न.