मदत हवी आहे: ‘गदल्या’ या नावाचा अर्थ आणि बायबलमधील त्या नावाच्या व्यक्ती

नमस्कार.

आमच्या मंडळीच्या बायबल अभ्यासवर्गासाठी मी यिर्मयाच्या ग्रंथातील व्यक्तिनामांची मराठी सूची तयार करीत आहे. ‘गदल्या’ या नावापाशी काम अडले आहे. वर्गात पूर्वीपासून वापरात असलेल्या टिपणात ‘गदल्या: यहूदाचा सुभेदार, यिर्मयाला विहिरीत टाकणाऱ्या सरदारांपैकी एक’ अशी एकच नोंद आहे. ग्रंथ पुन्हा वाचल्यावर ही नोंद दोन निराळ्या माणसांना एकत्र करते, अशी माझी खात्री झाली आहे, आणि त्यातला एक माणूस या घोटाळ्यामुळे अकारण बदनाम होतो, म्हणून ती तशीच पुढे जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

माझ्या वाचनाप्रमाणे जुन्या करारात या नावाच्या पाच व्यक्ती आढळतात. दावीद राजाच्या काळातला यदूथूनचा मुलगा गदल्या हा वीणा वाजवून परमेश्वराची स्तुती करणाऱ्यांपैकी होता आणि गायकांच्या चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा दुसरी चिठ्ठी त्याच्या नावाने निघाली (१ इतिहास २५). सफन्या संदेष्ट्याचा आजा गदल्या केवळ वंशावळीपुरता येतो. एज्राच्या दहाव्या अध्यायात परकीय स्त्रीशी विवाह केलेल्या याजकांच्या यादीत आणखी एक गदल्या आहे. खरा गोंधळ उरलेल्या दोघांचा आहे, कारण दोघेही यरुशलेमच्या पाडावाच्या सुमारास हयात होते आणि दोघांचाही यिर्मयाशी संबंध आला.

पहिला पशहूरचा मुलगा. शहराला वेढा पडलेला असताना ‘हा मनुष्य लढवय्यांचे हात गाळून टाकीत आहे’ अशी तक्रार सिद्कीया राजाकडे करणाऱ्या सरदारांत तो होता. त्यानंतरच यिर्मयाला दोरांनी चिखलाच्या विहिरीत सोडण्यात आले. दुसरा अहीकामचा मुलगा आणि शाफानचा नातू. नियमशास्त्राचा सापडलेला ग्रंथ योशीया राजाला वाचून दाखवणारा चिटणीस तो हाच शाफान, आणि यिर्मयाला जमावाच्या हाती पडू न देणारा तो हाच अहीकाम. इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये यरुशलेम पडल्यावर बाबेलच्या राजाने याच घराण्यातल्या गदल्याला देशात उरलेल्या गोरगरिबांवर नेमले आणि सुटका झालेला यिर्मया स्वतःहून मिस्पा येथे त्याच्याकडे राहायला गेला. ज्याने आपल्याला मारायला निघालेल्यांना साथ दिली, त्याच्या आश्रयाला यिर्मया गेला असता का?

जाणकारांकडून मला दोन बाबतींत मदत हवी आहे. नावाचा अर्थ ‘परमेश्वर थोर आहे’ असा द्यावा की ‘परमेश्वराने थोर केले’ असा? दोन्ही अर्थ मला मराठी टिपणांत आढळले आहेत. दुसरे असे की, उत्खननात गदल्या नावाचे मातीचे शिक्के सापडले आहेत, त्यांचा उल्लेख कोणत्या व्यक्तीपुढे करावा?

पहिला प्रतिसाद

अर्थाबाबत ‘परमेश्वर थोर आहे’ हाच पर्याय घ्यावा. नावाचा पहिला भाग ‘गादल’ म्हणजे मोठा होणे, थोर असणे या धातूच्या साध्या रूपातला आहे. ‘थोर करणे’ या अर्थाचे रूप हिब्रूत निराळे होते आणि त्यात ‘द’चे द्वित्व येते. आपण उल्लेख केलेल्या १ इतिहास २५ मध्येच त्याचे उदाहरण आहे: हेमानचा मुलगा गिद्दल्ती, म्हणजे ‘मी थोर मानिले’. त्याच धातूचे ‘इग्दल्या’ हे आणखी एक नाव यिर्मयाच्या पस्तिसाव्या अध्यायात येते. शेवटचा ‘या’ यशया, यिर्मया, सफन्या या नावांतल्याप्रमाणेच परमेश्वराच्या नावाचे आखूड रूप आहे. मूळ हिब्रूत हे नाव ‘गदल्याहू’ असेही लिहिलेले आढळते आणि अहीकामच्या मुलासाठी ही दोन्ही रूपे वापरलेली आहेत, त्यामुळे केवळ रूपावरून माणसे वेगळी करू नयेत.

दुसरा प्रतिसाद

शिक्क्यांच्या बाबतीत एक कसोटी लावावी: बापाचे नाव आहे का? २००८ मध्ये यरुशलेमच्या दावीदनगर भागात पुरातत्त्वज्ञ एलात मझार यांच्या उत्खननात जो शिक्का मिळाला, त्यावर ‘पशहूरचा मुलगा गदल्याहू’ असे स्पष्ट आहे. तिथूनच काही मीटरवर २००५ मध्ये शलेम्याचा मुलगा यहूकल याचा शिक्का मिळाला होता, आणि यिर्मया ३८:१ मध्ये हे दोघे त्याच चार सरदारांच्या यादीत एकापाठोपाठ आले आहेत. नाव, बाप, काळ आणि सोबती इतके सगळे जुळत असल्यामुळे हा शिक्का विरोधक गदल्यापुढे निःशंकपणे नोंदवावा.

यहूदातल्या लाखीश या प्राचीन शहराच्या जागी मिळालेला शिक्का मात्र तसा नाही. १९३५ मध्ये सापडलेल्या त्या इवल्याशा गोळ्याच्या मागच्या बाजूला ज्या पपायरसच्या गुंडाळीवर तो लावला होता तिच्या तंतूंचे ठसे अजून दिसतात, आणि पुढच्या बाजूला ‘गदल्याहूचा, जो घरावर आहे’ असा मजकूर आहे. घरावर असणे म्हणजे राजवाड्याचा मुख्य कारभारी असणे, आणि असा मनुष्य पुढे सुभेदार होणे अगदी सयुक्तिक आहे, म्हणून अनेकांनी तो अहीकामच्या मुलाचा मानला. परंतु त्यावर बापाचे नाव नाही, आणि गदल्या हे नाव त्या काळी प्रचलित होते. माझ्या मते सूचीत ‘कदाचित’ या शब्दाशिवाय तो देऊ नये.

मिस्पा येथील घटनेसाठी एक जोड सुचवतो. यरुशलेमच्या उत्तरेस सुमारे १२ किलोमीटरवरचे तेल-एन-नस्बे हे ठिकाण बहुतेक अभ्यासक मिस्पा मानतात. तिथे १९३२ मध्ये ‘राजाचा सेवक याजन्या’ असा मजकूर आणि खाली झुंजीच्या पवित्र्यातला कोंबडा असलेली मुद्रा मिळाली. मिस्पा येथे गदल्याला भेटायला आलेल्या सेनानायकांत याजन्या नावाचा एक जण आहेच. इथेही बापाचे नाव नाही, म्हणून कसोटी तीच.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बापाच्या नावाची कसोटी मी संपूर्ण सूचीला लावणार आहे आणि दोन्ही गदल्यांच्या नोंदी स्वतंत्र करीत आहे.

अहीकामच्या मुलाच्या नोंदीत त्याच्या मृत्यूला मी अधिक जागा देणार आहे. अम्मोनी राजा बालीस याने राजवंशातल्या इश्माएलाला तुझा जीव घ्यायला पाठवले आहे, असे कारेहाचा मुलगा योहानान याने त्याला आधीच सांगितले होते. गदल्याने त्यावर विश्वास ठेवला नाही, आणि सातव्या महिन्यात इश्माएल व त्याची दहा माणसे त्याच्याच पंक्तीला जेवली व उठून त्यांनी त्याला ठार केले. त्यानंतर उरलेले लोक बाबेलच्या भीतीने मिसरात निघून गेले. जखऱ्याच्या ग्रंथात सातव्या महिन्याच्या उपासाचा उल्लेख आहे, आणि यहुदी परंपरेत तो याच हत्येच्या स्मरणार्थ तिश्री या सातव्या यहुदी महिन्याच्या ३ तारखेला, नववर्षाच्या सणानंतर लगेच, पाळला जातो.

यावरून बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या, सभासदांना एक विनंती आहे. कोकणातल्या आपल्या समाजाने सणांना आणि उपासांना नव्याचा सण, बिरड्याचा रोजा अशी खास मराठी नावे दिली आहेत. तिश्री ३ च्या या उपासाला आपल्या घरातली वडीलधारी मंडळी कोणत्या मराठी नावाने ओळखत होती, हे कृपया लिहावे. गदल्याच्या नोंदीत ते नाव मला द्यायचे आहे.