धमन्यांचा ताठरपणा आणि रक्ततपासण्या: गावपातळीच्या पाहणीत काय घ्यावं, काय वगळावं?

गोदाकाठ:
सेलू तालुक्यातल्या चार गावांत ३० ते ७० वयाच्या साधारण ३०० जणांची पाहणी करायचं ठरतंय. दवाखान्यात येणारे रुग्ण नकोत, गावातले सर्वसाधारण लोक हवेत. धमन्या किती ताठर झाल्यात ते पल्स वेव्ह व्हेलॉसिटीवरून, म्हणजे नाडीची लहर किती वेगानं पळते त्यावरून मोजायचं आणि रक्तातल्या घटकांशी ताडून बघायचं. लॅबवाले २० तपासण्यांचं पॅकेज देतायत: एचएस-सीआरपी (शरीरातल्या दाहाची खूण), होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल), युरिक ॲसिड, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे चरबी), एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरच्या ताणाची खूण) वगैरे. सगळ्या घ्याव्यात का? यंत्र मान आणि जांघेत मोजणारं घ्यावं की दोन्ही दंड आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधणारं चार कफचं? नमुने गोळा करत परभणीला पोचवायला तीन-चार तास लागतात. महिना कोणता धरावा?

नाडीलहर:
आधी मोजमाप नीट बसवा. तिथं गफलत झाली तर २० काय, ५० तपासण्या केल्या तरी उपयोग नाही.

मान ते जांघ ही पद्धत प्रमाण मानतात, कारण त्यात महाधमनीच मोजली जाते. चार कफचं यंत्र सोपं आहे आणि कपडे फार सरकवावे लागत नाहीत. गावात बायकांची तपासणी करताना ही मोठी सोय आहे. पण त्यात पायाच्या धमन्याही येतात, त्यामुळे आकडे मोठे दिसतात आणि दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. पायातला रक्तप्रवाह आधीच अडलेला असेल, म्हणजे घोटा-दंड दाबाचं गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल, तर चार कफचा आकडा धरू नका. एकट्या दंडाच्या कफवरून वेग सांगणारी यंत्रं टाळा. त्यांतली बरीच यंत्रं वय आणि वरचा दाब सूत्रात घालूनच वेग काढतात. मग वयाशी संबंध 'सापडला' म्हणण्यात अर्थ काय?

सगळ्यात जास्त घोळ अंतरात होतो. मानेपासून जांघेपर्यंत थेट अंतर घेऊन त्याला ०.८ नं गुणायचं, आणि १० मीटर प्रति सेकंद ही धोक्याची रेषा त्याच हिशोबाची आहे. समजा अंतर ६० सेंमी आणि वेळ ६० मिलिसेकंद. गुणाकार केला तर वेग ८ येतो, विसरलात तर १०. माणूस तोच, पण एका चुकीनं तो रेषेवर जाऊन बसतो. पोट सुटलेलं असेल तर टेप अंगावरून वळवू नका, हवेत सरळ धरा किंवा कॅलिपर वापरा.

मोजण्याआधी १० मिनिटं उताणं, न बोलता झोपवायचं. आधीचे तीन तास चहा, बिडी, तंबाखू, मिशेरी आणि जेवण बंद. मिशेरीचं मुद्दाम विचारा. 'तंबाखू खाता का' म्हटलं की बायका नाही म्हणतात, मिशेरी त्यात कुणी धरतच नाही. दोनदा मोजा, वेगात ०.५ मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजून मधला आकडा घ्या. नाडी अनियमित असेल तर ते माप बाजूला ठेवा. आणि झोपलेल्या स्थितीतच रक्तदाब घ्या, तो पुढे हिशोबात लागतो.

प्लेन_बल्ब:
पॅकेज घेऊ नका. माझी यादी छोटी आहे: एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), उपाशीपोटीची साखर, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं), हिमोग्लोबिन, एचएस-सीआरपी आणि सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून किती प्रथिन गळतंय ते). शेवटची तपासणी रक्ताची नाही, पण सोडू नका. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर ते गेलं म्हणजे किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या भार सोसतायत, आणि ताठर धमनीतून नाडीचा धक्का न विरता जिथं पोचतो त्यात किडनी आलीच.

हिमोग्लोबिन कशाला, असं वाटेल. लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटं वाढतं, आणि आपल्याकडे बायकांत ॲनिमिया भरपूर. एचबीए१सी ६.० आलं एवढ्यावरच विश्वास ठेवला तर साखरेचा दोष नसताना तो लावाल. ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन असलेल्या, एकाच बल्बात (नळीत) दोन्ही तपासण्या होतात.

वाहतुकीचं बघा. साध्या बल्बात रक्त तसंच ठेवलं तर पेशी साखर खात राहतात, दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के. साखर टिकवायला फ्लोराइड घातलेला बल्ब घेतला तरी सुरुवातीचा तासभर साखर घटतेच, म्हणून तो लगेच बर्फात ठेवा. मात्र नळी थेट बर्फाला चिकटली तर रक्तपेशी फुटतात, मध्ये कापड ठेवा. साध्या बल्बातलं रक्त अर्धा तास गोठू द्यायचं आणि सिरम, म्हणजे गोठल्यावर उरणारं पिवळसर पाणी, गावातच वेगळं करायचं. लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा सेंट्रिफ्यूजसाठी इन्व्हर्टर लागेलच. होमोसिस्टीन मी यासाठीच वगळतो: सिरम तासाभरात वेगळं झालं नाही तर पेशींतून ते बाहेर येत राहतं आणि आकडा फुगतो. शिवाय शाकाहारी घरांत ते बऱ्याचदा बी१२ च्या कमतरतेनं वाढलेलं असतं. एनटी-प्रोबीएनपी महाग आहे, आणि हृदयावर ताण आल्यावर वाढतं. ते परिणामाचं माप आहे, कारणाचं नव्हे.

एचएस-सीआरपी १० च्या वर आलं तर तो आकडा धरायचा नाही. ताप, जखम किंवा दाढेचा संसर्ग असतो. दोन आठवड्यांनी पुन्हा घ्या.

गोदाकाठ:
लिपिड यादीतच नाही? लोक तर कोलेस्टेरॉलच विचारतात.

प्लेन_बल्ब:
लोकांसाठी अवश्य करा, हृदयाचा धोका सांगायला ते लागतंच. पण तुमचा प्रश्न ताठरपणाचा आहे. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, धमनीच्या आतल्या थरात साचून वाट अडवतं; ताठरपणा मधल्या थराचा. तिथं लवचिक इलॅस्टिन तुटतं, कडक कोलॅजन वाढतं, साखर चिकटून त्याचे धागे एकमेकांत अडकतात, कॅल्शियम बसतं. म्हणून एलडीएलचा वेगाशी संबंध फिका निघतो, साखर आणि किडनीचा जास्त ठळक.

आकडेमोड_लातूर:
वय आणि रक्तदाब या दोघांनीच वेगातला सर्वांत मोठा फरक समजावला जातो, हे धरूनच चला. हे दोन काढून टाकल्यावर रक्तातल्या घटकांना जे उरतं ते थोडं असतं. ३०० जणांत साधारण ०.१६ इतका सहसंबंध असेल तरच तो ८० टक्के खात्रीनं पकडता येतो. त्याहून बारीक संबंध निसटतील. उलट २० तपासण्या ०.०५ च्या कसोटीला लावल्या तर काही नसतानाही सरासरी एक 'सापडते'. म्हणून दोन-तीन मुख्य प्रश्न आधी लिहून ठेवा, बाकीचे शोध म्हणून वेगळे दाखवा.

हिशोबाच्या मॉडेलमध्ये वय, वयाचा वर्ग (वय गुणिले वय), लिंग, मध्यमान दाब, नाडीचे ठोके, कमरेचा घेर आणि चालू गोळ्या घ्या. मध्यमान दाब म्हणजे खालचा दाब अधिक वरच्या-खालच्या दाबांतल्या फरकाचा तिसरा हिस्सा: १४०/८६ असेल तर ८६ अधिक १८, म्हणजे १०४. दाब वाढला की धमनी त्या क्षणापुरतीही ताठ होते, म्हणून हा आकडा हवाच. एचएस-सीआरपीचा लॉग (लॉगॅरिदम) घ्या. कमरेचा घेर घातल्यावर त्याचा संबंध फिका पडला तर दचकू नका, सीआरपीचा बराच भाग पोटावरच्या चरबीतून येतो. आणि एकदाच मोजून कारण ठरत नाही. 'सोबत आढळलं' एवढंच लिहा.

गोदाकाठ:
आणि महिना? जानेवारी मनात होता.

नाडीलहर:
जानेवारीत ऊसतोडीला गेलेली कुटुंबं गावात नसतात. मागे राहतात म्हातारे आणि दुकानदार-नोकरदार, मग 'सर्वसाधारण लोक' कसे म्हणणार? शिवाय थंडीत दाब चढलेला असतो. मे महिन्यात ४२ अंशांत अंगातलं पाणी घटून क्रिएटिनिन वर जातं. पेरण्या उरकल्यावर, दसऱ्याच्या आधी घ्या. तेव्हा तापाची साथ असते, म्हणून मागच्या दोन आठवड्यांत ताप आला होता का ते विचारा आणि आलेल्यांचं रक्त पुढच्या फेरीत घ्या. लोक शिबिराला येतील त्यांतून निवडू नका, मतदार यादीतून चिठ्ठी काढा आणि न आलेल्याच्या घरी दोनदा जा. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी लागेल, त्यासाठी अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय इथल्या कम्युनिटी मेडिसिन विभागाशी बोलून बघा. १८०/११० च्या वर दाब निघालेल्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायची सोय केल्याशिवाय पहिला कफ बांधू नका.