बादलीतल्या ‘गरम’ खताविषयी

गच्चीवाला_नौपाडा: बाल्कनीतल्या वीस लिटरच्या बादलीत अठरा दिवसांत गरम खत (कचऱ्याचा ढीग आतून तापून झटपट होणारे खत) तयार होते, असा दावा येथे काल कोणीतरी केला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. अठरा दिवसांची बर्कली पद्धत साधारण एक घनमीटरच्या ढिगासाठी आहे आणि तो ढीग पहिल्या चार दिवसांनंतर दिवसाआड उलथावा लागतो. बादलीतली उष्णता चहूबाजूंनी निघून जाते, त्यामुळे त्यासाठी लागणारे 55 ते 65 अंश तापमान तेथे टिकतच नाही.

नेरूळची_बाग: कालचा दावा माझाच होता. घनमीटरभर ढीग कोणत्या फ्लॅटमध्ये मावतो, तेही सांगून टाकावे. माझ्या सासूबाईंनी भोके पाडलेल्या माठात, तापमापीचे तोंडही न पाहता, वर्षानुवर्षे खत केले आणि आमचा कढीपत्ता त्यावरच वाढला आहे.

गच्चीवाला_नौपाडा: माठात खत होत नाही, असे मी कोठे म्हटले? ते सावकाश होते आणि तेवढी उष्णता नसल्याने त्यात टोमॅटो-भोपळ्याच्या बिया जिवंत राहून कुंडीत उगवतात, एवढेच.

नेरूळची_बाग: उगवलेला भोपळा आम्ही खातो. अठरा दिवसांचा आग्रह मात्र सोडला, आता समाधान झाले असेल.

पातलीपाडा_बी_विंग: आपण दोघेही मूळ अडचण सोडून भांडत आहात. ढीग तापायला कार्बन-नत्राचे प्रमाण 25 ते 30 : 1 लागते, म्हणजे भाजीच्या देठांबरोबर भरपूर सुका पाला हवा, आणि वर्षावृक्षाच्या पाल्याचा खच पडतो तेव्हा आमच्या सोसायटीत तो सरळ जाळतात. मी चार पोती मागितली, तर सचिवांनी साप येतील असे उत्तर दिले.

सचिव_पातलीपाडा: तो सचिव मीच. गेल्या जुलैत आपला उघडा ढीग पावसात चिंब होऊन आतली हवा कोंडून दुर्गंधी सुटली, तेव्हा तळमजल्यावरच्या रहिवाशांची बोलणी मी खाल्ली, आपण नव्हे.

पातलीपाडा_बी_विंग: ताडपत्रीचा खर्च समितीनेच नाकारला होता! 5000 चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सांगितले. समितीला तो नियम वाचायलाही सवड नाही.

गच्चीवाला_नौपाडा: धागा खताचा आहे, आपल्या वार्षिक सभेचा नव्हे.

सचिव_पातलीपाडा: सभाच समजा. ताडपत्री मी आणतो, पार्किंगमागची जागाही देतो; परंतु ढीग दिवसाआड उलथणाऱ्यांची यादी आधी द्यावी आणि तीत पहिले नाव आपले असावे.