शब्दचर्चा : पेशी ‘सक्रिय’ होते की ‘चेतते’?

प्रश्न : बारावीच्या मुलांसाठी रोगप्रतिकारशक्तीवर मराठीत लेख लिहितेय. एका वाक्याशी दोन दिवस अडलेय : ‘जिवाणूंची लिपोपेप्टाइडे प्रतिकारपेशींना सक्रिय करतात.’ चूक काही नाही, पण सिमकार्ड सुरू केल्यासारखं वाटतं. ‘उत्तेजित’ म्हणू, ‘उद्दीपित’ म्हणू, की दुसरं काही? आणि ‘लिपोपेप्टाइड’ला मराठी शब्द आहे का?

उत्तर : ताई, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. शब्दाकडे येण्याआधी तिथे घडतं काय ते सांगतो, थोडं लांबेल.

जिवाणूची काही प्रथिनं मेदाम्लांच्या शेपट्यांनी पटलात रोवलेली असतात. ई. कोलायमधलं असं एक प्रथिन फोल्कमार ब्राउन यांनी १९६९ मध्ये वर्णन केलं. त्याच्या टोकाला सिस्टीन हे अमिनो आम्ल आणि त्याला तीन मेदाम्लं. आपल्या पेशीला जाग यायला अख्खं प्रथिन लागत नाही, हे शेपट्यांचं टोक पुरतं. तेच लिपोपेप्टाइड. प्रयोगशाळेत आम्ही त्याचीच कृत्रिम नक्कल वापरतो, पॅम-थ्री-सीएसके-फोर. मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम घातलं तरी भक्षक पेशी कामाला लागतात.

हे टोक ओळखणारा, पेशीवरचा ग्राही म्हणजे टीएलआर-२ (टोल-लाइक रिसेप्टर-२). तो एकट्याने काम करत नाही. तीन शेपट्या असल्या तर टीएलआर-१ जोडीला येतो. मायकोप्लाझ्मासारख्या जिवाणूंच्या लिपोपेप्टाइडाला दोनच शेपट्या असतात, तिथे टीएलआर-६. २००७ मध्ये टीएलआर-२ आणि टीएलआर-१ या जोडीची स्फटिकरचना उलगडली, ती पाहण्यासारखी आहे : दोन शेपट्या टीएलआर-२च्या खोबणीत आणि तिसरी टीएलआर-१च्या. म्हणजे तो इवलासा रेणूच दोन्ही ग्राहींना एकमेकांशी बांधतो. टीएलआर-६ची ती खोबण बुजलेली असते, तिसरीला तिथे जागाच नाही.

बाहेर जोडी जुळली की आत निरोप जातो. एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन पेशीत आधीपासून तयार असतं, पण दुसरं एक प्रथिन त्याला दाबून ठेवतं. निरोप आला की ते दाबणारं प्रथिन मोडलं जातं, एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतं आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशा दाहाचा निरोप नेणाऱ्या प्रथिनांची जनुकं सुरू होतात. माझी आजी रात्री निखारे राखेत पुरून ठेवायची. पहाटे फुंकणीने राख उडवली की तोच विस्तव फुलायचा आणि चूल चेतायची. पेशीत हुबेहूब हेच होतं : आग बाहेरून येत नाही, फक्त राख उडते. म्हणून मी ‘चेतवतात’ म्हणेन. ‘उत्तेजित’ला मनाच्या खळबळीचा वास आहे, आणि ‘उद्दीपित’ पाठ्यपुस्तकाबाहेर कोणी बोलत नाही.

आक्षेप : काका, चूल पटली. पण मुलं चेतापेशी आणि चेतासंस्था शिकून आलेली असतात. ‘प्रतिकारपेशी चेतवणे’ वाचून ती मज्जातंतूंकडे जातील. शिवाय ‘चेतवणी’ असं नाम केलंत तर हिंदीतली ‘चेतावनी’ आठवणार.

उत्तर : आक्षेप रास्त आहे, पण तो नामाला लागतो, क्रियापदाला नाही. ‘पेशी चेतली’ या वाक्यात मराठी माणसाला विस्तवच दिसतो. नाम करूच नका. तक्त्यात किंवा परीक्षेच्या उत्तरात नाम हवंच असेल तिथे ‘सक्रियण’ राहू दे.

भर : एक मुद्दा सुटतोय. आपल्या वैद्यकात सूज-लाली-ठणक यांना ‘दाह’ म्हणतात, म्हणजे आगीची भाषा आधीपासून आहेच. मग तिच्या पायऱ्याही वापरा ना. निखारा चेततो, चूल पेटते, वणवा भडकतो, शेणी धुमसते. जखमेपुरती पेशी चेतली तर ते काम झालं. जंतुसंसर्गाने सगळं शरीर होरपळतं तेव्हा ‘भडकणे’. वर्षानुवर्षं सांध्यात राहतो तो दाह ‘धुमसतो’. इतके बारीक फरक ‘सक्रिय’मधून कधीच निघणार नाहीत.

उत्तर : हे फार छान. माझ्या तासाला मी हेच वापरणार.

‘लिपोपेप्टाइड’ मात्र तसंच ठेवा. ‘मेदपेप्टाइड’ म्हटलं की पोटावरची चरबी डोळ्यांसमोर येते, ‘स्निग्धपेप्टाइड’ म्हणजे तूप. पहिल्यांदा येईल तिथे ‘मेदाम्लांच्या शेपट्या लागलेली प्रथिनाची टोकं’ एवढं लिहिलं की झालं. टीएलआरमधल्या ‘टोल’चा टोलनाक्याशी संबंध नाही हेही एका ओळीत सांगा, मुलं हमखास विचारतात. तो जर्मन शब्द आहे, ‘भन्नाट’ अशा अर्थाचा. आधी फळमाशीच्या एका जनुकाला ते नाव पडलं.

प्रश्नकर्ती : सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य आता असं केलंय : ‘जिवाणूच्या प्रथिनांची शेपट्या असलेली टोकं, म्हणजे लिपोपेप्टाइडं, भक्षक पेशीवरच्या जोडग्राहींना एकत्र बांधतात आणि पेशीतला राखेखालचा विस्तव चेतवतात.’ ‘जोडग्राही’ हा शब्द मीच केलाय, चालेल का?

उत्तर : चालेल काय, मी उद्यापासून फळ्यावर लिहितो.