थेंबाच्या आकारातून सर्पिल नक्षी: इंकस्केपमध्ये थेंब फिरतो, पण सर्पिल होत नाही

ओलीशाई
नमस्कार. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका थेंबाच्या आकारातून सर्पिल नक्षी करायची आहे. केंद्राशी लहान थेंब, बाहेर जाताना मोठे होत जाणारे. स्पायरल टूलने रेषा काढून त्यावर पॅटर्न अलाँग पाथ लावून पाहिलं, तर थेंब रेषेबरोबर वाकतात आणि सगळे एकाच मापाचे राहतात. टाइल्ड क्लोन्समध्ये (मूळ आकाराशी जोडलेल्या अनेक प्रती) नुसता कोन दिला, तर ते आडव्या रांगेत जागच्या जागी फिरतात. नक्षी मुखपृष्ठासाठी आहे, त्यामुळे प्रत्येक थेंबाची कड स्वच्छ हवी. कुठून सुरुवात करू?

रेखाटणी
स्पायरल टूल इथे नकोच. ते रेषा काढतं; तुम्हाला हवी आहे ती थेंबांची मांडणी. ती दोन आकड्यांतून येते: दर पावलाला किती अंश वळायचं आणि किती वाढायचं. पण आधी फिरण्याचं केंद्र थेंबाबाहेर न्यायला हवं. थेंबावर एकदा क्लिक करून निवडा, पुन्हा क्लिक करा. मधोमध छोटी फुली दिसेल, ती ओढून टोकाच्या खाली थोड्या अंतरावर ठेवा. हाच थेंब सगळ्यांत लहान राहणार आहे, त्यामुळे तो लहानच काढा.

आता एडिट, क्लोन, क्रिएट टाइल्ड क्लोन्स. आधी रिसेट दाबा, कारण मागचे आकडे तिथे तसेच राहतात. सिमेट्री पी१ (नुसती सरकत जाणारी मांडणी), ओळ १, स्तंभ ७२. शिफ्टमध्ये स्तंभासाठी एक्स्क्लूड टाइलवर खूण करा. आडवी रांग यानेच थांबते. रोटेशनमध्ये दर स्तंभाला १५ अंश, स्केलमध्ये एक्स आणि वाय दोन्हींना ३ टक्के. २४ थेंबांत एक फेरा, म्हणजे ७२मध्ये तीन.

अशी वाढ बेरजेची असते: १, १.०३, १.०६... शेवटचा थेंब पहिल्याच्या ३.१३ पट होतो आणि फेऱ्यांमधलं अंतर सारखं राहतं. मला ही नक्षी निर्जीव वाटते. स्केलमधल्या बेसच्या खान्यात एक्स आणि वाय दोन्हींना २.७ भरा. मग वाढ गुणाकाराची होते, शेवटचा थेंब ८ पटींच्या वर जातो आणि फेरे बाहेर जाताना मोकळे होत जातात. शंखाची वाढ अशीच असते, म्हणून ते वळण डोळ्यांना पटतं.

एवढं जमलं की कोनाशी खेळा, खरी मजा तिथे आहे. १२० अंश दिले तर तीन सरळ रांगा मिळतात. १२२ द्या, तीन पावलांत ३६६ अंश होतात, सहा अंश जास्त, आणि त्याच तीन रांगा एका बाजूला वळायला लागतात. ११८ दिलेत तर उलट दिशेला. आणि १३७.५ जरूर करून पाहा. सूर्यफुलातल्या बियांचा हा कोन. यात एकाच वेळी दोन्ही दिशांची वळणं दिसतात. स्केल मात्र १ टक्क्याच्या आसपास ठेवा, नाहीतर थेंब विरळ होतात.

कडकोपरा
कुणी इलस्ट्रेटर या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर असेल तर: थेंब एका बाजूला राहील असं त्याच्याभोवती मोठं वर्तुळ काढा, वर्तुळाचा फिल (आतला रंग) आणि स्ट्रोक (कडेची रेघ) काढून टाका आणि दोघांचा ग्रुप करा. ग्रुपचं केंद्र आता वर्तुळाच्या मध्यावर येतं. मग इफेक्ट, डिस्टॉर्ट अँड ट्रान्सफॉर्म, ट्रान्सफॉर्म. तिथे १५ अंश, स्केल दोन्हीकडे ९७.१५ टक्के आणि हव्या तितक्या कॉपीज. या आकड्याने बरोबर एका फेऱ्यात माप निम्मं होतं. इथे मोठ्याकडून लहानाकडे जायचं, म्हणून पहिला थेंब मोठा काढा.

ओलीशाई
१२२ अंशांनीच काम झालं, तीन बाहूंची नक्षी मुखपृष्ठावर शोभतेय. मनापासून आभार. रंग आतून बाहेर हळूहळू बदलायचा आहे. कलरमध्ये आकडे भरले तरी थेंब तसेच काळे.

रेखाटणी
मूळ थेंबाला स्वतःचा रंग आहे, म्हणून क्लोन तोच घेतात. फिल अँड स्ट्रोकमध्ये प्रश्नचिन्हाचं बटण दाबून फिल अनसेट करा, कलर टॅबमध्ये सुरुवातीचा रंग निवडा, मग दर स्तंभाला ह्यूमध्ये (रंगछटा) १ टक्का पुरे. छपाईला देण्याआधी फाइलची एक प्रत ठेवा आणि दुसरीत सगळे निवडून शिफ्ट-ऑल्ट-डीने क्लोन सोडवा. पहिल्या प्रतीत मूळ थेंबाची कड हलवली की सगळे ७२ बदलतील.