झुडपी जंगलावरच्या घराचं आता काय होणार? सुप्रीम कोर्टाच्या निकालावर वकील लोकांचं मत पाहिजे

मोहफूल
नमस्कार मंडळी. आमचं गाव सिंदेवाही तालुक्यात. १९८८ मध्ये आमच्या बाबांना बेघर म्हणून सरकारी पट्टा भेटला, तवा तिथं निस्ता मुरूम आणि बोराट्या होत्या, आईनं टोपल्या टोपल्यानं माती वाहून घर उभं केलं. पण सातबाऱ्यावर आजबी झुडपी जंगलच, म्हणजे खुरट्या झुडपांची जमीन, लिहून हाये. लहान भावाचं घरकुल मंजूर झालं तं म्हणतात जागा झुडपीची हाये, थांबा. आणि आता व्हॉट्सअपवर फिरून राहिलं का सुप्रीम कोर्टानं झुडपीले जंगलच म्हटलं, सारे घरं पाडणार. आई रातभर झोपत नाई. पट्ट्याचा कागद ट्रंकीत सापडला पण घडीवर फाटला हाये, शिक्का अर्धाच दिसते. कोणी वकील असन तं खरं काय ते सांगा.

कास्तकार ब्रम्हपुरी
भाऊ आमच्याकडंबी हेच चालू हाये. सहा जिल्ह्यातली मिळून ८६ हजार हेक्टर म्हणतात, नागपूर वर्धा भंडारा गोंदिया चंद्रपूर गडचिरोली. जंगलवाल्याच्या ताब्यात गेलं का गावाचं काही उरत नाही. निकाल देणारे गवई साहेब आपल्या विदर्भातले, अमरावतीचे, त्यांना झुडपी काय असते हे माहीत नसन का? मले तं हा निकाल पटलाच नाही.

काळा कोट
मोहफूल भाऊ, आधी आईला सांगा शांत झोपा म्हणून. मी निकाल पूर्ण वाचला आहे. २२ मे २०२५ चा आहे, तेव्हाचे सरन्यायाधीश गवई आणि न्यायमूर्ती मसीह यांचा. झुडपी जंगल हे वनच, असं कोर्टानं म्हटलं हे खरं, कारण १२ डिसेंबर १९९६ ला जंगल वाचवण्याच्या गोदावर्मन केसमध्ये जो आदेश झाला त्यात सरकारी रेकॉर्डला जे जे वन म्हणून लिहिलं ते सगळं वन असं ठरलं होतं. पण त्याच निकालात पुढं लिहिलं आहे की १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्यानं ज्यांना जागा दिली त्यांच्यासाठी राज्य सरकारनं जिल्हावार एकत्र प्रस्ताव करून केंद्राकडं पाठवावा आणि ती जमीन वनाच्या यादीतून काढून घ्यावी. त्यासाठी पर्यायी झाडं लावायची अट नाही की वनाची किंमत भरायची नाही. म्हणजे तुमचा १९८८ चा पट्टा खरा असेल तर तुम्ही वाचलेल्यात आहात. फक्त पुढं जागेचा वापर बदलता येणार नाही आणि विकताही येणार नाही, वारसानंच जाईल. व्हॉट्सअपवाले हा भाग कापून टाकून राहिले.

तोडायचं जे आहे ते व्यापारी कामासाठीचं, २५ ऑक्टोबर १९८० (वन संवर्धन कायदा आला ती तारीख) नंतरचं अतिक्रमण, त्यासाठी दर जिल्ह्यात पथक आणि दोन वर्षांची मुदत आहे. आणि १९९६ नंतर ज्यांनी जागा वाटल्या त्या अधिकाऱ्यांची नावं द्या, त्यांच्यावर कारवाई करा मगच पुढचं बघू, असंही कोर्टानं म्हटलं. मला निकालातला सगळ्यात जास्त पटलेला भाग तो आहे, कारण इतकी वर्षं शिक्का मारणारा बदली होऊन निघून जायचा आणि नोटीस मात्र घर बांधणाऱ्याला यायची.

कास्तकार काकाजी, तुमचा राग मी समजू शकतो. माझं म्हणणं वेगळ्या ठिकाणी आहे. जंगल वाचलं पाहिजे ह्यात वाद नाही, पण तारखेचा पुरावा कोणाकडं आहे? पट्टा दिला सरकारनं, रजिस्टर ठेवलं सरकारनं, सातबारा दुरुस्त केला नाही तोही सरकारनंच, आणि आज ट्रंकीतला फाटका कागद घेऊन फिरायचं कोणी तर विधवा बाईनं. हे मला अन्यायाचं वाटतं. प्रस्ताव करताना तहसीलीनं आपलं रेकॉर्ड उघडून स्वतः यादी लावली पाहिजे, गावात चावडीवर वाचून दाखवली पाहिजे.

मोहफूल भाऊ, कागदाच्या वरच्या बाजूला रा. मा. क्र. असं काही लिहिलं आहे का बघा, म्हणजे राजस्व मामला क्रमांक. तो नंबर आणि साल वाचता आलं तर शिक्का अर्धा असला तरी हरकत नाही, तहसीलीच्या रेकॉर्ड रूममधून त्या प्रकरणाची प्रमाणित नक्कल मागा. तोंडी नाही, अर्ज देऊन पोच घ्या. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घराच्या कराची नोंद, पण जोडा, त्यानं मालकी सिद्ध होत नाही पण किती सालापासून राहता ते दिसतं.

तेंदूपान
वकील साहेब, घराचं झालं, पण आमच्या बकऱ्या कुठं न्याच्या? गावाचं झुडपी म्हणजे बांधाच्या पलीकडचं दीड एकर. तिथंच ढोरं चरतात, तिथूनच बाया सरपण आणतात. तेबी आता बंद का?

काळा कोट
ताई, हा प्रश्न खरं म्हणजे जास्त मोठा आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. उरलेली झुडपी वर्षभरात वनखात्याला द्या असा आदेश आहे. तीन हेक्टरपेक्षा कमी आणि जंगलाला न लागलेले तुकडे संरक्षित वन करायचे आहेत, राखीव नाही. राखीवमध्ये परवानगी नसेल ते सगळं बंद, संरक्षितमध्ये जे बंद केलं तेवढंच बंद, हा फरक लक्षात ठेवा. आपल्या भागात निस्तार पत्रक (गावानं रोजच्या गरजेसाठी जमीन कशी वापरायची त्याचा कागद) आहे, महसूल संहितेच्या कलम १६१ चं, त्यात चराई सरपण सगळं लिहिलेलं असतं, तुमच्या गावाचं काढून घ्या.

आणि माझं ठाम मत सांगतो. कोर्टानं हे वन आहे म्हटलं, तर मग २००६ चा वनहक्क कायदा पण तिथं लागू झाला. त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये निस्तार हा आपला शब्दच लिहिलेला आहे, चराई पण आहे. गडचिरोलीत मेंढा लेखा गावानं सामूहिक हक्क मिळवून दाखवला ना. मग झुडपी गावांनी ग्रामसभा घेऊन सामूहिक दावा आत्ताच टाकावा, ताबा बदलायच्या आधी. नंतर वनखात्याचा गार्ड दारात उभा राहिल्यावर धावपळ करून हाती काही लागत नाही.

तेंदूपान
बचत गटाच्या मीटिंगमध्ये सांगते. ग्रामसेवकाले विषय पत्रिकेत घ्याले लावतो.

मोहफूल
वकील साहेब, उन्हात धरून पाहिला कागद. रा. मा. क्र. हाये, आकडा पुसट हाये पण सन १९८७-८८ साफ दिसते. सोमवारी आईले घेऊन तहसीलीत जातो, अर्ज दोन कॉपीत लिहून ठेवला.